फोर्क बदलायला निघालो होतो

पावसाळा संपता संपता वेताळ टेकडीवरून पंचवटीच्या बाजूला उतरलो आणि मनगटं इतकी भरून आली की घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. माझी सायकल साधी हार्डटेल. मागे शॉक नाही, पुढे काय तो रॉकशॉक्स कंपनीचा रेकॉन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के खाणारा दोन पायांचा चिमटा. 100 मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे फार तर तेवढा दबणारा. सहा वर्षं वापरतोय. त्या दिवशी चांगल्या दोन दगडांवर चाक आपटलं तरी तो जेमतेम बोटभर दबला.

दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने दोनदा हँडल दाबलं आणि "हा गेला, नवीन टाका" म्हणून मोकळा झाला. खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. ऑफिसातल्या मित्राने नुकतीच फ्लाइट अटेंडंटवाली सायकल घेतली होती. रॉकशॉक्सने ही सिस्टिम 2021 मध्ये आणली. सेन्सर रस्ता बघतात, पेडल मारताय की नाही ते बघतात, आणि सस्पेन्शन मोकळं ठेवायचं, थोडं आवळायचं की लॉक करायचं ते सायकलच ठरवते. चढ लागला की बारीक 'झुईं' असा मोटरचा आवाज येतो. फॉक्स या दुसऱ्या कंपनीची अशीच लाइव्ह व्हॉल्व्ह त्याच्याही आधीची, 2018 ची. तिला तेव्हा वायरी होत्या, 2024 मध्ये त्याही गेल्या. मित्र रविवारी पहाटे उठून आधी सायकलच्या बॅटऱ्या बघतो, मग दात घासतो. त्याच्यावर हसलो, पण मनातून जळलोही.

नवा फोर्क घ्यायचा म्हणून मापं काढायला बसलो आणि गाडी अडली. माझ्या फ्रेमला वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा स्टीअरर (फ्रेममध्ये जाणारी फोर्कची वरची नळी) लागतो, चांगले नवे फोर्क जवळपास सगळे टेपर्ड, खाली जाड होत जाणारे. माझं चाक क्विक रिलीजवर, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक दांड्यावर; त्यांना 15 मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा) आणि 110 मिलिमीटर रुंदीचा बूस्ट हब (चाकाचा मधला तुंबा) हवा. म्हणजे फोर्कसाठी चाक आणि फोर्कसाठीच फ्रेमही. नाल सापडला म्हणून घोडा घेण्यातला प्रकार.

मग नाइलाजाने कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडलं. लोअर्सची सर्व्हिस दर 50 तासांनी, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. वरच्या चकचकीत नळ्या म्हणजे स्टँशन, आणि त्यांच्यावर गमबुटासारखे चढलेले दोन पाय म्हणजे लोअर्स. माझे सहा वर्षांत हजारेक तास तरी झाले असतील, आणि ते बूट एकदाही उतरवले नव्हते. स्कूटरचं ऑइल मात्र मी न चुकता बदलतो.

शनिवारी दुपारी गॅलरीत पेपर अंथरले. चाक आणि ब्रेक काढला, डाव्या पायाच्या वरच्या टोकावरच्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडली. हवा सोडल्याशिवाय खालचा एकही बोल्ट हलवू नका, हे तेवढं गंभीरपणे सांगतो. उजव्या पायाखालची रिबाउंडची (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारी) लाल टोपी ओढून काढली आणि तळाचे दोन्ही बोल्ट ॲलन कीने सोडवले. इथे मी पहिली चूक केली. बोल्ट पूर्ण काढून लोअर्स ओढत बसलो. ढिम्म हलेनात. मॅन्युअल पुन्हा वाचलं: बोल्ट तीन-चार आटेच सैल करायचे आणि त्यांच्या डोक्यावर ठोकायचं, म्हणजे आतला दांडा तळातून सुटतो. प्लॅस्टिकचा हातोडा नव्हता. आईचं कपडे धुवायचं जुनं धोपाटणं होतं. दोन ठोके, 'टक्' असा आवाज, आणि बोल्ट आत गेला. आता बोल्ट काढून ओढल्यावर लोअर्स अलगद हातात आले.

आतून काय निघालं? डाव्या पायातून चमचाभर, कॉफीच्या रंगाचं पाणी. उजव्यातून तेवढंही नाही, नुसता काळा चिखल. तेलाचा पत्ता नव्हता. पण खरा आजार वर होता. धूळ अडवणाऱ्या सीलच्या खाली फोमची एक पातळ रिंग असते. तिने तेलात भिजून राहायचं आणि स्टँशन वर-खाली होताना तिला पुसट तेल लावत राहायचं, एवढंच तिचं काम. टूथपिकने माझ्या दोन्ही रिंगा बाहेर काढल्या. शिळ्या भाकरीसारख्या कडक, आणि पिळल्यावर त्यातून टेकडीची माती गळली. साबणाच्या पाण्याने धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि स्टीलच्या वाटीत नव्या तेलात बुडवून ठेवल्या.

"ती वाटी परत स्वयंपाकघरात आणू नकोस," आई आतूनच म्हणाली. "आणि धोपाटणं कुठंय माझं?"

बाकीचं सरळ होतं. लोअर्स आतून पुसले (लांब लाटण्याला फडकं गुंडाळून, हे आईला अजून माहीत नाही), सीलना ग्रीस लावलं, रिंगा बसवल्या, लोअर्स अर्धवट चढवले. मग सायकल उताणी तिरकी करून तळाच्या भोकांतून सिरिंजने तेल सोडलं. कोणत्या पायात किती मिलि ते मॉडेलनुसार बदलतं, तक्त्यात आपलीच ओळ बघा. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल ओतायचा मोह मला झाला होता. टाळला. बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, कारण लोअर्स मॅग्नेशियमचे असतात, आटे गेले तर संपलं.

मग हवा. इतकी वर्षं मी 120 पीएसआय भरत होतो, कारण शॉक पंप काढताना 'फुस्स' होतं आणि मला वाटायचं थोडी हवा गेली, वर अजून घालावी. ती हवा पंपाच्या नळीतली असते, फोर्कमधली नव्हे. या वेळी सॅग, म्हणजे नुसत्या आपल्या वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजला. स्टँशनवर केबल टाय सैल बांधला, सीलपर्यंत खाली सरकवला, हेल्मेट-बॅगेसकट सायकलवर उभा राहिलो, भिंतीला हात टेकून, आणि हळूच उतरलो. 100 पैकी साधारण 20 मिलिमीटर दबायला हवा. 120 वर माझा 11 दबत होता. पाच-पाच करत 95 वर आल्यावर 20 मिळाला. म्हणजे निम्मा दोष त्या पंपाच्या फुस्सचा.

दुसऱ्या रविवारी सिंहगडाचा घाट चढून गेलो. वर फोर्क पुन्हा किंचित ताठ वाटला. लोअर्समध्ये कोंडलेली हवा हे त्याचं एक कारण. सीलजवळून आत जाते, बाहेर यायला वाट नसते, आणि उंचावर बाहेरचा दाब कमी झाला की आतली आणखी जोर करते. फॉक्सने 2020 मध्ये आणलेल्या नव्या 36 आणि 38 या मॉडेलच्या फोर्कना यासाठी पायामागे छोटी बटणं दिली. दाबलं की 'फिस्स'. पुढे रॉकशॉक्सनेही तशीच दिली. सेन्सर आणि मोटरांपेक्षा मला या बटणाचाच जास्त हेवा वाटतो. बॅटरी नाही, ॲप नाही. आमच्याकडे त्यावर जुना उपाय: केबल टायचं गुळगुळीत टोक सीलच्या कडेने हळूच आत सारायचं. पार्किंगमध्ये ते केलं, बारीकसा उसासा ऐकू आला, आणि खाली उतरून बघितलं तर केबल टाय पार 85 पर्यंत वर सरकला होता.

एक राहिलं. तळाच्या बोल्टचे वॉशर एकदा चेपले की बदलायचे असतात. मी जुनेच लावले. आता रोज सकाळी उजव्या पायाखालच्या फरशीवर एक थेंब असतो, आणि त्याखाली आईने कालचा पेपर घातलेला असतो. वॉशर मागवलेत, अजून आलेले नाहीत.