लिओने नाकारावाचे हात

आज दुपारी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील रग्बी सेव्हन्सचा (सात-सात खेळाडूंच्या रग्बीचा) अंतिम सामना पुन्हा पाहिला. ब्रिटनला ४३-७ असे हरवून फिजीने देशाचे पहिलेच ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, जिंकले. माझे लक्ष मात्र फिजीच्या लिओने नाकारावावर खिळले होते. प्रतिस्पर्ध्यांनी वेढून खाली खेचले असतानाही एका हाताने चेंडू अलगद सहकाऱ्याकडे सोपवणारा हा सहा फुटांहून उंच खेळाडू पूर्वी फिजीच्या सैन्यात होता. त्याने २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगो संघाला प्रो १२ ही क्लब स्पर्धा जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला आणि पुढे पॅरिसच्या रासिंग ९२ या क्लबकडून खेळताना २०१८ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पंधरा जणांच्या रग्बीत लॉकच्या, म्हणजे दुसऱ्या रांगेतील उंच, धिप्पाड खेळाडूच्या, जागेवरील खेळाडूकडून बहुधा ताकदीचीच अपेक्षा असते. त्या जागेवर इतकी नजाकत मी अन्य कोणात पाहिलेली नाही.