निपाणी ते कणकुंबी : जांबोटीच्या पुढे बसलेला फ्युएल पंप

गणपती होऊन गेले की खानापूर तालुक्यातला पाऊस जरा दम खातो, पण संपत नाही. त्या दिवसांत दाजींबरोबर निपाणीहून कणकुंबीला निघालो. हायवे ४८ बद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संकेश्वर, हत्तरगी, काकती करत बेळगाव गाठायचं आणि जांबोटीचा रस्ता धरायचा. टाकी मात्र बेळगावातच भरून घ्या. इंजेक्शनच्या गाडीत (कार्ब्युरेटर नसलेल्या) पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा फ्युएल पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलनं थंड राहतो. काटा तळाला टेकवून चढ चढणं त्याच्या जिवावर येतं.

जांबोटी सोडल्यावर गाडी चढाला आचके द्यायला लागली. खड्ड्यात आदळली की जास्तच. पुढे एका वळणाच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच. सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन पकडत नाही. रेंज तिथं येते-जाते. कसाबसा फोन लागला तेव्हा ओळखीच्या गॅरेजवाल्यानं न बघताच निकाल दिला : पंप गेला, नवीन टाका. थोड्या वेळानं गाडी आपसूक चालू झाली. दाजी म्हणाले, "मेलेला माणूस उठून चालत नाही, पावणं. पंप जिता आहे." तसेच हळूहळू मागे फिरून जांबोटीत आलो.

तिथं भेटलेल्या वायरमन मामांनी हत्यारं काढण्याआधी मला मागच्या सीटला कान लावायला सांगितलं आणि दाजींना नुसती चावी ऑन करायला. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद घूं करतो, प्रेशर भरतो आणि थांबतो. इथं काहीच ऐकू आलं नाही. तुमच्याकडे असं झालं तर डॅशवरचा चावीचा दिवा लुकलुकतोय का तेही बघा. तो लुकलुकत असेल तर बऱ्याच गाड्यांत दोष इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा असतो आणि सीट उचकटून काही हाती लागत नाही. पंप आधी घूं करतो आणि सेल्फ मारताना गप्प होतो, असं असेल तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे कळवणाऱ्या सेन्सरचा संशय घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळलं नाही तर तो पंप बंद ठेवतो.

फ्यूज शाबूत होता. रिलेवर (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचवर) बोट ठेवून चावी फिरवली तर 'टक्' लागत होतं. मामा म्हणाले, "हितपर्यंत ठीक हाय सायेब, आता म्हागं जाऊ." रिले टक् करतो म्हणजे रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमधली कॉइल आणि ईसीयूचा हुकूम दोन्ही पोचतायत. राहिले ३० आणि ८७ मधले आतले पॉइंट, तिथून मागे जाणारी वायर, कपलर (वायरींचा जोड), पंप आणि अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्याची वाट. पॉइंट जळके असू शकतात म्हणून हॉर्नचा तसाच रिले लावून बघितला. फरक नाही.

मागची सीट उचलली, पंपाचा कपलर काढला. चावी ऑन करताच दोन पिनांमध्ये मीटरनं १२ व्होल्ट दाखवले. करंट येतोय म्हणजे पंपच खराब, असं इथं कुणालाही वाटेल, आणि चांगले पंप बहुधा याच टप्प्यावर भंगारात जातात. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एका तारेनं तग धरलेली गंजकी वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप ५ अँपियरच्या आसपास मागतो. वाटेत कुठं एक ओहमचा अडथळा असेल तर तेवढ्यात ५ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. मग पंप कण्हतो, नाहीतर फिरतच नाही.

मामांनी इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून त्याच पिनांमध्ये लावला. बल्ब मिणमिणला. मग पॉझिटिव्ह तशीच ठेवून दुसरी वायर बॉडीच्या उघड्या बोल्टला टेकवली, तर बल्ब लख्ख. सप्लाय चोख, अर्थ आजारी! काळी वायर धरत गेलो तर ती डिकीत, कार्पेटखाली एका बोल्टला जोडलेली निघाली. टेललाइटच्या फाटक्या रबरातून पाणी झिरपून थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवा कीट धरला होता. पॉलिश पेपरनं पत्रा आणि थिंबल चकचकीत केले, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. कपलर बसवून पंप चालवला आणि पंपाच्या अर्थ-पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला, ०.१ व्होल्टच्या आत. या मोजणीत पंप चालू असणं महत्त्वाचं, नाहीतर आकडा नेहमीच छान येतो.

दोन-तीन सेकंदांत मोजणं जमत नाही म्हणून मामांनी रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ जोडले होते, १५ अँपियरचा फ्यूज मध्ये घालून. हे फक्त तपासापुरतं. तशी गाडी चालवू नका; अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल फेकत राहील. टाकीच्या तोंडाशी वायरी टेकवून ठिणगी पाडणं तर नकोच, आणि विडीवाला मदतनीस असेल तर त्याला लांब उभा करा. वायरीचा रंगही गाडीगणिक बदलतो, काळी म्हणजे अर्थच असं धरून चालू नका.

मग कणकुंबीला पोचलो. माउलीचं देऊळ, मलप्रभेचा उगम, आणि सुमारे ७९० मीटर उंचीवरचं धुकं. देवळात निवांत बसा, पण गोव्याकडे चोर्ला घाट उतरायचा असेल तर उजेडातच निघा. त्या घाटात बंद पडलेली गाडी मागच्याला दिसत नाही, म्हणून धोक्याचा लाल त्रिकोण वरच ठेवा, डिकीच्या तळाशी नको. आमच्या डिकीत आता २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, एक जादा रिले, फ्यूज आणि पॉलिश पेपरचा तुकडा असतो. मीटर असला तर उत्तम, पण या बिघाडाला बल्बनं भागतं. टेललाइटचं रबर बेळगावात मिळालं नाही, मागवलंय. तोवर सिलिकॉन लावून ठेवलंय आणि दर पावसानंतर कार्पेटखाली हात घालून बघतो.