अर्धं खोडरबर

लेकीची कंपासपेटी आज सहज उघडली तर आत अर्धंच खोडरबर. पट्टीने कापलेलं, कड वाकडीतिकडी, आणि कापलेल्या बाजूवर पेनाने एक अक्षर लिहिलेलं. तिच्या नावाचं नाही.

विचारलं तर म्हणाली, "अगं त्याचं हरवलं ना स्कॉलरशिपच्या क्लासला, मग मी अर्धं दिलं." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "त्याच्या अर्ध्यावर माझं अक्षर आहे."

बस, एवढंच. गणिताचं पुस्तक घेऊन बसली, पण कान लाल झालेले दिसत होते मला.

आमच्या वेळी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, मग २०१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला होती. मी सातवीत असताना जादा तासाचा एक मुलगा माझ्या सायकलच्या कॅरिअरला चिंचेची पुडी अडकवून ठेवायचा, वहीच्या कागदातली, मीठ-तिखट लावून. अख्ख्या वर्षात आम्ही चार वाक्यं पण बोललो नसू. माझी मैत्रीण सगळं ओळखून होती पण तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही, उलट पोरं चिडवायला लागली की माझा हात धरून ओढत न्यायची. खरं सांगते, आज त्याच्यापेक्षा तिचीच आठवण जास्त आली.

संध्याकाळी फोन लावला तिला, किती वर्षांनी. "चिंच आठवते का गं?" आधी नुसतं हसू, मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्याने दोन पुड्या ठेवल्या होत्या, एक माझ्यासाठी. तुला कधी सांगितलंच नाही मी."

खोडरबर होतं तसंच ठेवलंय परत. नवीन आणून देऊ की नको?