चूल परभणीत, पगार बर्लिनमध्ये

गेल्या गुरुवारी रात्री मागवलेले जेवण घेऊन आलेल्या मुलाने दारावरच्या पाटीवरील आडनाव वाचून थेट मराठीत विचारले, "ताई, तुम्ही आपल्याकडच्याच का?" तो जिंतूरजवळच्या एका गावाचा, येथे बर्लिनला शिकायला आलेला. पाठीवरच्या चौकोनी पिशवीतून पावसाचे पाणी पायपुसण्यावर ठिबकत होते. चहासाठी थांब म्हटले, तर पुढची ऑर्डर आली होती. जाता जाता म्हणाला, "बरं चाललंय, ताई. मी एकटाच, मला किती लागतंय? बाकीचं घरच्या कर्जाला जातं."

मी येथे करसल्लागाराच्या कार्यालयात पगारपत्रके तयार करते, आणि ॲपवर काम करणाऱ्यांची पगारपत्रकेही माझ्या टेबलावर येतात. नोकरीवर घेतलेल्या रायडरला 2025 मध्ये ताशी किमान 12.82 युरो द्यावेच लागत, आणि चार आठवडे काम झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पगार सुरू राहतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु तोच पगार कोणत्या घरात जातो, यावर त्याचे मोल ठरते. युरोपातील सांख्यिकी विभाग त्यासाठी एक मोजमाप वापरतात: घरातील पहिल्या प्रौढाचा 1, चौदा किंवा अधिक वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचा 0.5, आणि त्याहून लहान मुलाचा 0.3. या आकड्यांच्या बेरजेने घराचे उत्पन्न भागायचे. समजा, हातात 1,600 युरो येतात. एकट्या माणसासाठी ते 1,600च. दोन लहान मुलांना एकटीने वाढवणाऱ्या आईला 2025च्या दराने दर मुलामागे 255 युरो बालभत्ता मिळून 2,110 होतात, पण भागाकार 1.6 ने, म्हणजे सुमारे 1,319. घरात न कमावणारा जोडीदारही असेल, तर करातील सवलत बाजूला ठेवल्यास, 1,005. पिशवी तीच, पाऊस तोच.

हे मोजमाप मला पटते, आणि तरीही जिंतूरच्या त्या मुलाबाबत ते चुकते. कागदावर तो एकटा, म्हणून सर्वांत सुस्थितीतला. त्याच्या पगारावर परभणी जिल्ह्यातले एक घर उभे आहे, हे भागाकारात येत नाही. आपल्याकडची सरकारी पाहणी एकत्र राहून एका चुलीवर जेवणाऱ्यांना एक कुटुंब मानते. ही व्याख्या मला अधिक शहाणपणाची वाटते, पण समुद्रापलीकडचा तिलाही दिसत नाहीच.

माझा धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला असेच काम करतो. ॲपवर महिन्याला 22,000 रुपये दिसतात. पेट्रोल आणि गाडीचा हप्ता गेल्यावर 14,000 उरतात. घरात आई-बाबा, तो, त्याची बायको आणि दोन लेकरे, म्हणजे 3.1, भागिले की सुमारे 4,500. मात्र घरभाडे नाही, ज्वारी शेतातून येते, आणि तो रात्री उशिरा परतला तरी लेकरांना आजी जेवू घालते. हे सुख येथील त्या एकट्या आईला कोणत्याही भत्त्याने मिळत नाही. पण तो घसरून पडला, तर त्या आठवड्याची कमाई शून्य. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झाली. तिच्यानुसार ॲप कंपन्यांनी उलाढालीचा 1 ते 2 टक्के हिस्सा कामगारांच्या निधीत द्यायचा आहे. तो पैसा त्याच्यापर्यंत लवकर पोहोचावा, असे मला फार वाटते.

मी घर सोडून आले, असे नातेवाईक म्हणतात. बाबांची औषधे आणि लेकरांच्या शाळेची फी दरमहा येथून जाते, आणि माझ्या वहीत ती रक्कम मी घरखर्चाच्या रकान्यातच लिहिते.