तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिडिओतलं वर्तन मोजायला कुठलं सॉफ्टवेअर?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "प्राण्यांचे ढीगभर व्हिडिओ जमलेत, आता वर्तन मोजायला सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?"

बोरिस घ्या. इटलीतल्या तुरिन विद्यापीठात तयार झालेलं आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माणसांचं बोलणं आणि हातवारे एकत्र बघायचे असतील तर नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेचं इलान सोयीचं, तेही फुकटच. संस्था पैसे देणार असेल तर नोल्डसचं ऑब्झर्व्हर एक्सटी आहे. पण एवढ्याने तुमचं काम फारसं पुढे सरकत नाही, कारण अशा कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ बघून वर्तनाच्या नोंदी करण्यात, व्हिडिओ बघायचा तुम्हीच. कोणती कळ कोणत्या क्षणी दाबलीत, एवढीच नोंद सॉफ्टवेअर ठेवतं.

म्हणून आधी वर्तनसूची, म्हणजे इथोग्राम. मांजराचं 'अंग चाटणं' घ्या. वाटतं, यात काय ठरवायचं? पण दोन चाटण्यांच्या मध्ये मांजर थबकून इकडेतिकडे बघतं, तेव्हा चाटणं संपलं की चालू आहे? व्याख्या अशी लिहा: जीभ अंगाला लागली की सुरू, सलग ३ सेकंद जीभ अंगावर नसेल तर संपलं, आणि शेवटची वेळ म्हणजे शेवटच्या स्पर्शाची. याचा अर्थ संपल्याचं तुम्हाला ३ सेकंद उशिरा कळणार आणि व्हिडिओ मागे नेऊन कळ दाबावी लागणार. कंटाळवाणं आहे खरं, पण हे केलं नाही तर प्रत्येक वेळचं चाटणं ३ सेकंदांनी फुगतं. 'आरामात बसलंय', 'चिडलंय' असले शब्द सूचीत नकोत. ते अनुमान झालं. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा.

बोरिसमध्ये प्रत्येक वर्तन दोनांपैकी एका प्रकारात टाकावं लागतं. शिंक क्षणिक, एकदा कळ दाबली की झालं. झोप ही अवस्था. पहिल्यांदा कळ दाबली की सुरू, दुसऱ्यांदा दाबली की बंद. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. एक 'बंद' राहून गेलं की पुढची जोडीच उलटते: सॉफ्टवेअर जागेपणाला झोप समजतं आणि झोपेला जागेपण. जोडी न जुळलेल्या नोंदी शोधायची सोय बोरिसमध्ये आहे. प्रत्येक व्हिडिओ संपला की ती चालवाच. एकाच वेळी होऊ न शकणारी वर्तनं परस्परवर्ज्य ठरवून ठेवली तर एक सुरू होताच दुसरं आपोआप बंद होतं, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

आणि सूचीत 'दिसत नाही' ही अवस्था हवीच. १० मिनिटांच्या व्हिडिओत मांजर १५० सेकंद खुर्चीमागे असेल आणि ९० सेकंद चाटताना दिसलं असेल, तर ६०० ने भागून १५ टक्के येतात, ४५० ने भागून २०. हा शेरा नंतर घालायचा म्हणजे सगळे व्हिडिओ पुन्हा बघणं आलं.

आता फाइली. फोनवरचे व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमगतीचे असतात. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला कमी फ्रेम घेतो. फ्रेम मोजून वेळ काढणाऱ्याची वेळ मग हळूहळू सरकत जाते. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने सगळ्या फाइली आधीच एका स्थिर गतीवर आणा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. त्याहून बारीक काही मोजल्याचा दावा करू नका. कोडिंग सुरू केल्यावर फाइलींची नावं किंवा जागा बदलू नका, प्रोजेक्टला त्या सापडेनाशा होतात. फाइलीच्या नावात प्रयोगाचा गट तर नकोच. कोडरला गट कळला की त्याचा डोळा नकळत तिकडे झुकतो.

वेळेचा अंदाजही आधी घ्या. तासाभराच्या साध्या व्हिडिओलाही तीन-चार तास सहज लागतात.

दुसऱ्या माणसाकडून १० ते २० टक्के व्हिडिओ स्वतंत्रपणे कोड करून घ्या, आणि नुसत्या टक्केवारीवर भाळू नका. समजा व्हिडिओचे १०० तुकडे आहेत. दोघांनीही ८८ तुकड्यांना 'चाटत नाही' म्हटलं, २ ना 'चाटतंय'. उरलेल्या १० त मतभेद: ५ ना फक्त पहिल्याने 'चाटतंय' म्हटलं, ५ ना फक्त दुसऱ्याने. सहमती ९० टक्के! पण दोघंही 'चाटतंय' हा शेरा १०० त ७ वेळाच देतात, तेव्हा तितकेच शेरे डोळे मिटून वाटले असते तरी सुमारे ८७ टक्के जुळले असते. हा योगायोग वजा करणारा आकडा म्हणजे कोहेनचा कापा, १९६० पासून वापरात आहे. इथे तो येतो जेमतेम ०.२३. असा आकडा आला की कोडरवर वैतागण्याआधी व्याख्या वाचा. दोष बहुधा तिथे असतो.

"पण आता हे सगळं आपोआप होतं ना?" हा पुढचा प्रश्न. २०१८ साली आलेलं डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर नाक, कान, शेपटीचं मूळ असे बिंदू प्रत्येक फ्रेममध्ये शोधतं. शेकडो फ्रेमवर ते बिंदू आधी हाताने दाखवून द्यावे लागतात. हाती येतात ते बिंदूंचे निर्देशांक आणि त्यांची खात्री किती, याचा आकडा. पंजा अंगाखाली गेला की बिंदू भलतीकडे उडी मारतो, म्हणून कमी खात्रीच्या नोंदी गाळाव्या लागतात. त्या बिंदूंवरून 'चाटतंय' ओळखायला आणखी वेगळं वर्गीकरण शिकवावं लागतं, आणि ते बरोबर ओळखतंय का हे तपासायला हाताने कोड केलेले व्हिडिओ लागतातच. शिकवायला वापरलेले व्हिडिओ या तपासणीत घेऊ नका. त्यासाठीचे पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा.