लस घ्यायला मला अडीच महिने लागले, त्याबद्दल

आमच्या घरात सगळ्यात शेवटी कोविडची लस घेतली ती मी, नंबर लागून अडीच महिने झाल्यावर. लसीच्या विरोधात वगैरे मी कधीच नव्हते, लहानपणीच्या सगळ्या लसी झाल्यात माझ्या, पण नऊ वर्षांची असताना पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर घसा सुजून श्वास अडकला होता आणि ते अजून जसंच्या तसं आठवतं, आईने घट्ट धरलेलं माझं मनगट सुद्धा. त्यामुळे फॉर्मवर 'औषधाची अॅलर्जी आहे का' हा रकाना आला की माझा हात तिथेच थांबायचा.

दादा म्हणाला, एवढी शिकलेली असून अडाण्यासारखी काय वागतेस. आईचे वयामुळे आधीच दोन्ही डोस झाले होते, ती काही बोलली नाही, फक्त मी तिच्या खोलीत गेले की मास्क नाकावर ओढून घ्यायची. ते दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रात्र रात्र वाचत बसायचे. एवढ्या लवकर लस बनली कशी हा प्रश्न मलाही होताच, मार्च २०२० मधे महामारी जाहीर झाली आणि डिसेंबरमधे लोकांना टोचायला सुरुवात पण झाली. मग कळलं की काम शून्यापासून सुरू झालंच नव्हतं, २००३ च्या सार्सच्या साथीपासून (तोही कोरोनाविषाणूचाच आजार) कोरोनाविषाणूंवर अभ्यास चालू होता, आणि बाहेरून आलेल्या एमआरएनएवर (पेशींना प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा रेणू, माझी लस त्यावरच आधारलेली) शरीर भडकतं ही मोठी अडचण कशी टाळायची ते कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मधेच दाखवलं होतं (त्यांना पुढे २०२३ मधे नोबेल मिळालं). वेळ वाचला तो चाचण्यांचे टप्पे एकावर एक चालवून आणि निकालाआधीच उत्पादन सुरू करून. माणसं कमी घेतली नव्हती, फायझरच्या मोठ्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. हे सगळं डोक्याला पटलं, पण घशातली भीती काही जाईना.

शेवटी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला तोपर्यंत कोणीच न विचारलेलं विचारलं, तेव्हा नेमकं काय झालं होतं आणि किती मिनिटांत? मी सांगितलं. म्हणाल्या, पेनिसिलिन या लसीत नाहीच, एमआरएनए लसीत बघायचं ते पॉलिएथिलिन ग्लायकॉल, ते बऱ्याच गोळ्यांत आणि पोट साफ व्हायच्या औषधात असतं, त्याने कधी त्रास झालाय? नाही. मग घ्या, फक्त १५ च्या ऐवजी ३० मिनिटं तिथे बसा, तीव्र रिअॅक्शन आली तर बहुतेक वेळा तेवढ्यातच येते. सात-आठ मिनिटांचं बोलणं झालं असेल, आणि फोन ठेवल्यावर मी रडले.

लस घेतली त्या दिवशी नर्सने कागदावर वेळ लिहून दिली, ११:१०. अकराव्या मिनिटाला घसा कोरडा पडला. सांगितल्यावर ती आली, नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली, म्हणाली पाणी प्या, मी इथेच आहे. आणि खरंच उभी राहिली. भीतीनेच होत होतं ते. रात्री ताप आला, दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

पुढे ओमिक्रॉनच्या लाटेत दोन डोस घेऊनही मला कोविड झालाच. लस घेतली की संसर्ग होणारच नाही असं जे सुरुवातीला काही जण छातीठोक सांगत होते ते मला अजून खटकतं, गंभीर आजारापासून वाचवते एवढं खरं सांगितलं असतं तरी मी घेतलीच असती.

मग भाच्याच्या दुसऱ्या डोसची वेळ आली, १९ वर्षांचा मुलगा, त्याने हृदयाला सूज येते असं वाचलं होतं. दादा लगेच त्याच सुरात सुरू झाला, मी मधेच थांबवलं, म्हटलं त्याचा प्रश्न बरोबर आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तरुण मुलांत, जास्त करून दुसऱ्या डोसनंतर असं होतं पण क्वचित, बहुतेक जण बरे होतात, कोविडनेही हृदयाला सूज येऊ शकते, आणि दोन डोसमधे अंतर ठेवलं तर धोका कमी होतो. त्याने आठ आठवड्यांनी घेतला. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर रात्री कितीही वाजता मला उठवायचं असं ठरलं.

मी सोबत गेले होते. १५ मिनिटं झाल्यावर तो उठायला लागला, मी म्हटलं बस अजून.

"आत्या, मला ३० मिनिटांची गरज नाहीये गं."

मला होती. तो बसला.