शेजारी उभं राहून खेळायचा खेळ

मिनी गोल्फचा एखादा कोर्स कोणीही खेळतं. सोबत मुलं असतात, हाताशी तासभर असतो, पाटी दिसते, लोक आत शिरतात. पण सकाळी एक, तो संपला की दुसरा, उन्हं उतरल्यावर आणखी एखादा, असं कोर्समागून कोर्स खेळत सुटणं हे सरळसरळ खूळ आहे. आणि या खुळाला जोडीदार लागतोच. दिवसभर एकट्याने पवनचक्कीखालून चेंडू ढकलणाऱ्या माणसाकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात. दोघं असली की नुसतंच हसतात. मला आणि नवऱ्याला हा नाद एकदमच लागला, त्यामुळे कोणी कोणाला नादी लावलं यावर आमच्यात अजून एकमत नाही.

खेळात समजावून सांगण्यासारखं फारसं काही नाही. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला तर काहीच नाही. गोटी जरा मोठी, गल अठरा (इथे त्यांना होल म्हणतात), आणि वाटेत कठडे, बोगदे, पवनचक्की असले अडथळे, एवढाच फरक. हातात पटर नावाची एकच काठी. चेंडू हवेत उडवायचा नाही, जमिनीवरूनच न्यायचा आणि कमीत कमी फटक्यांत होलमध्ये घालायचा. सहा फटक्यांत जमलं नाही तर मुकाट्याने पुढे व्हायचं. युरोपातल्या स्पर्धांत अशा वेळी कार्डावर सात मांडतात. हा सहाचा नियम ज्याने केला त्याने कित्येक संसार वाचवले असतील.

मला यातलं आवडतं ते वेगळंच. दोन माणसांच्या बहुतेक खेळांत समोरासमोर उभं राहावं लागतं. मध्ये जाळी असते नाहीतर पट असतो, आणि समोरच्याचं चुकणं हीच आपली कमाई. मिनी गोल्फमध्ये दोघं एकाच बाजूला. एक वाकलेला, दुसरा चार पावलं मागे, आणि दोघांची नजर एकाच चेंडूवर. माझ्या चेंडूचं नवरा काही वाकडं करू शकत नाही, त्याच्या चेंडूचं मी. मग उरतं बघणं आणि बोलणं. बोलणंही सलग नाही, कारण दर मिनिटाला कोणाची तरी पाळी येते.

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करून टाकूया का?”

“थांब, हा एवढा मारू दे.” चेंडू कठड्याला लागून त्याच्याच पायाशी परत. “करूया. पण आधी तुझ्या दादाशी बोल. नंतर त्याला कळलं तर रुसून बसेल.”

“मीच बोलू?”

“तुझा दादा आहे.”

घरी जेवायला बसल्यावर याच विषयाला तासभर लागला असता आणि शेवटी कोणाचा तरी आवाज चढला असता. इथे तो दोन होलमध्ये मिटला. मध्ये एक बोगदा होता, तिथे दोघंही आपोआप गप्प होतो. भांडणात असे बोगदे मिळत नाहीत.

एका अर्थी या खेळाची सुरुवात बायकांनी केली असं म्हणायला हरकत नाही. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज म्हणजे गोल्फची पंढरी. तिथे १८६७ साली बायकांनी स्वतःचा पटिंग क्लब काढला. पटिंगच का, तर काठी खांद्याच्या वर नेऊन जोरात फटका मारणं तेव्हा बाईमाणसाला शोभत नसे. बरं, नाही शोभत तर नाही! त्यांनी उंचसखल हिरवळीवर चेंडू घरंगळवायला घेतला. त्या हिरवळीवरचे उंचवटे असे की तिचं नाव पडलं ‘हिमालय’. ती आजही आहे, आणि पैसे भरून कोणालाही तिथे खेळता येतं. त्या काळच्या सोवळ्या मंडळींचे पणतू तिथे रांगेत उभे असतील, असं मला उगाचच वाटतं.

हिरवळ सांभाळणं मात्र महागाचं काम. ती न लावता खेळायचं कसं, हा प्रश्न १९२२ च्या सुमाराला थॉमस फेअरबेर्न नावाच्या माणसाने सोडवला, तो सरकीच्या टरफलांनी. टरफलं कुटून त्यात वाळू, तेल आणि हिरवा रंग कालवायचा आणि ते पसरून दाबायचं. चेंडू त्यावरून बरा चालतो. मग काय, कुठेही कोर्स करता येऊ लागला. अमेरिकेतल्या लुकआउट माउंटन या डोंगरावर गार्नेट कार्टर याने आपल्या हॉटेलाच्या आवारात असा छोटा कोर्स केला आणि ‘टॉम थंब गोल्फ’ या नावाने देशभर विकला. नाव झालं गार्नेटचं. परीकथेतले बुटके, पोकळ ओंडके, ही सगळी सजावट मात्र त्याच्या बायकोच्या, फ्रीडाच्या डोक्यातून आलेली. १९३० साली तिकडे या खेळाचं इतकं वेड पसरलं की न्यूयॉर्कमध्ये नुसत्या गच्च्यांवर शंभराहून अधिक कोर्स होते. रात्री उशिरापर्यंत दिवे लावून खेळ चाले. शेजाऱ्यांची झोपमोड व्हायला लागली तेव्हा ठिकठिकाणी खेळाच्या वेळा बांधून द्याव्या लागल्या. पुढे मंदीत हे वेड जसं आलं तसंच झपाट्याने ओसरलं. पण गच्चीवर, दिव्याखाली, शेजाऱ्यांच्या शिव्या खात खेळणाऱ्या त्या जोडप्यांचा मला हेवा वाटतो.

एका दिवसात एकाहून जास्त कोर्स खेळण्याचा खरा फायदा असा की दुसऱ्या कोर्सपासून माणसाला मतं फुटतात. पहिल्यावर आपण नुसते खेळतो. दुसऱ्यावर पाऊल ठेवताच “तिथला गालिचा बरा होता,” हे सुरू. आणि मतं आमची कधी जुळत नाहीत.

नवऱ्याला पवनचक्की हवी. डायनासोर हवा, ज्वालामुखी हवा, चेंडू गिळून तीनपैकी कुठल्या तरी नळीतून भलतीकडे ओकणारं यंत्र हवं. पवनचक्कीसमोर तो उभा राहतो तेव्हा बघण्यासारखा असतो. पातं दारासमोरून जातं, क्षणभर वाट मोकळी, पुन्हा पातं. तो ओठांतल्या ओठांत मोजतो. एक, दोन, एक, दोन. पटर हलतो, थांबतो. पुन्हा मोजणी. मागे एखादं कुटुंब येऊन थांबलेलं असतं, त्यांचा धाकटा चिरंजीव मोठ्याने विचारतो, “हे काका मारत का नाहीत?” काका तरीही मारत नाहीत. शेवटी मारतात, चेंडू पात्याच्या कडेला टण्णकन आपटतो, आणि काका त्या पात्याकडे असं बघतात की जणू त्याने दिलेला शब्द मोडला. यात वाट बघण्याचा फारसा उपयोग नाही, हे मी त्याला सांगून चुकले. चेंडू दारापर्यंत पोचायला जो वेळ लागतो त्यात वाट बंद झालेली असते, म्हणून पातं दारासमोर असतानाच मारायला हवं. त्याला ते पटतं. पण बंद दारावर चेंडू मारायला हात धजत नाही.

मला साधे कोर्स आवडतात. पॉल बोंग्नी या स्विस माणसाने आखलेला पहिला कोर्स १९५४ साली स्वित्झर्लंडमधल्या अस्कोनाला सुरू झाला. काँक्रीटच्या पट्ट्या, प्रत्येक बारा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद. पुतळा नाही, धबधबा नाही, फक्त चढ, उतार आणि कोन. पट्ट्यांची मापं ठरलेली असल्यामुळे एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावी जाऊन त्याच अडचणींशी झुंजू शकला, आणि त्यातूनच स्पर्धा उभ्या राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत डॉन क्लेटन या विमावाल्याने पवनचक्क्यांना कंटाळून ‘पट-पट’ काढलं. त्यातलं प्रत्येक होल दोन फटक्यांत संपलं पाहिजे असा हिशेब. दोन देश, दोन माणसं, एकच तिटकारा! हे मी नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, “दोघांना मुलं आवडत नसतील.”

साध्या पट्टीवर उभं राहिलं की लपायला जागा नसते. यंत्राने चेंडू गिळला, पातं आडवं आलं, असं काही म्हणता येत नाही. समोर काटकोनातलं वळण, कठड्याला लावून चेंडू वळवायचा. ज्या कोनात चेंडू कठड्यावर जातो जवळपास त्याच कोनात परततो, हे शाळेत आरशाच्या धड्यात शिकलेलं इथे उपयोगी पडतं. मी कठड्यावरचा एक डाग हेरते, खिळ्याशेजारचा, नाहीतर रंगाचा पोपडा उडालेला, आणि होल विसरून फक्त त्या डागावर मारते. गालिच्याचा कोर्स असला तर आणखी एक सोय असते. वर्षानुवर्षं लोकांचे चेंडू जिथून गेले तिथली लव दबून एक पुसट वाट पडलेली असते. जरा वाकून, उजेडाकडे तोंड करून पाहिलं की ती दिसते. काही वाटा सरळ होलकडे जातात. काही भरवशाने कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे, कारण बहुतेकांचं तिथेच चुकलेलं असतं. त्या ओळखून टाळायच्या.

जोर हे नवऱ्याचं औषध. चढ असला की जोर, बोगदा असला की जोर, काहीच नसलं तरी जोर. यावर आमची मोठी चर्चा झालेली आहे, आणि इथे भौतिकशास्त्र माझ्या बाजूचं आहे. गोल्फचं होल १०८ मिलिमीटर रुंद, गोल्फचा चेंडू जेमतेम ४३. म्हणजे जागा भरपूर. पण होलवर आलेल्या चेंडूला पलीकडची कड गाठायच्या आत निदान आपल्या अर्ध्या उंचीइतकं खाली पडावं लागतं. वेगात आला तर तेवढा वेळच मिळत नाही, तो कडेला आपटून बाहेर उडतो किंवा वरून निघून जातो. हळू आलेला चेंडू होलच्या अगदी काठाला शिवला तरी आत कलंडतो. हळू चेंडूसाठी होल रुंद असतं आणि जोरातल्या चेंडूसाठी अरुंद, असं म्हटलं तरी चालेल. नवऱ्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढचा चेंडू शेजारच्या होलवर पाठवला. तिथल्या आजोबांनी तो पायाने अडवून परत दिला.

स्पर्धा खेळणारे लोक तर चेंडूवरच डोकं चालवतात. त्यांच्या पिशवीत डझनांनी चेंडू: कोणी जड, कोणी हलका, कोणी कठड्यावरून टणकन उसळणारा, कोणी मेल्यासारखा पडणारा. गारठ्यात उसळी कमी होते म्हणून चेंडू खिशात ऊब देऊन ठेवतात. हे कळल्यापासून नवरा स्वतःचा चेंडू विकत घ्यायच्या गोष्टी करतो. मी त्याला म्हटलं, काउंटरवर जो रंगीत चेंडू मिळतो त्यातच सारी गंमत आहे. तिथे निवडायला फक्त रंग असतो आणि तो मात्र विचार करून निवडावा. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचची डोंगर-धबधब्यांचे कोर्स म्हणून ख्याती आहे, आणि त्या धाटणीचे कोर्स आता सगळीकडे झालेत. त्यांतलं पाणी रंग घालून निळं केलेलं असतं. अशा ठिकाणी निळा चेंडू घेणारा माणूस आशावादी म्हणायचा. मी नारिंगी घेते.

शेवटच्या कोर्सपर्यंत कंबर बोलायला लागलेली असते. पटर मारून कोणाला काही होत नाही, दर होलला वाकून चेंडू काढण्यानेच होतं. त्यातून होलच्या तळाशी कालच्या पावसाचं पाणी असलं की हात बुडवायचाही जुलूम. याच टप्प्यावर सभ्यता गळून पडते. सकाळी “अरे वा, मस्त!” म्हणणारी माणसं संध्याकाळी दुसऱ्याचा चेंडू होलच्या ओठावर थांबला की तोंड फिरवून हसतात. स्कोअरकार्डही याच वेळी संशयास्पद होतं. कार्डाबरोबर मिळणारी पेन्सिल बोटाएवढी असते आणि तिला मागे रबर नसतं, ही मोठी दूरदृष्टी आहे.

अठराव्या होलमध्ये गेलेला चेंडू बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. आतल्या आत नळीतून गडगडत तो थेट काउंटरकडे जातो. नेम चुकलाय, पुन्हा मारून बघते, ही सोय नाही. खेळ संपला हे कोर्सच सांगतो. मग बाकावर बसून दिवसभराची कार्डं मांडीवर पसरायची आणि बेरीज. एका दिवशी सगळ्या कोर्सचे फटके मिळवले तर नवऱ्याचे माझ्यापेक्षा कमी भरले, म्हणजे तो जिंकला. पण कोर्सवार पाहिलं तर जास्त कोर्स मी जिंकलेले; एका पवनचक्कीवाल्या कोर्सवर मी जे काही फटके उधळले होते तेवढ्यावर त्याची पुंजी उभी होती. त्याचं म्हणणं, गोल्फ म्हणजे एकूण फटके. माझं म्हणणं, एकेक होल जिंकत जाऊन हारजीत ठरवायची पद्धत गोल्फमध्ये त्याहून जुनी आहे, आणि आजही दोन्ही पद्धती नियमांत बसतात. ती पद्धत होलसाठी आहे, कोर्ससाठी नाही, असा मुद्दा त्याने काढला. मग मी सगळी कार्डं पुन्हा उघडून होलवार मोजायला घेतली. अंधार पडायला लागला होता, काउंटरवरची मुलगी किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभी होती.

पुढच्या वेळी पहिला फटका मारायच्या आधीच पद्धत ठरवायची, एवढं आमचं ठरलंय. कोणती, ते ठरायचंय.